गोराई अंबाडा: नाव, अर्थ, उगम

प्रभा,

तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले. पार्लर मी पाचव्या दिवशी उघडलं. काहींनी नाकं मुरडली, मुरडू देत. दोन नवऱ्या आधीच ठरलेल्या होत्या आणि त्यांचे मुहूर्त आपल्यासाठी थांबणार नव्हते. माझ्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस, फक्त आधी अर्धा तास रडली असतीस.

महिला मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहा म्हणून मागे लागलेत. तुझं गाव कोणतं, शिक्षण किती, मुलं किती, हे ज्यांना हवं त्यांना तुझा नवरा सांगेल. मला तुझ्याशी एक भांडण मिटवायचं आहे आणि ते सोमवारच्या आत मिटवायचं आहे.

टेबलावर तुझ्या तिन्ही बॅचच्या मुलींच्या वह्या रचून ठेवल्यात. पार्लरमधल्या आपल्या केशरचनेच्या वर्गाला अखेर मान्यता मिळाली. हे तुला हॉस्पिटलात सांगितलं होतं, तू मान हलवलीस, पण कळलं होतं की नाही कोण जाणे. आता आजवरच्या सगळ्या मुली एकदमच परीक्षेला बसणार. बाहेरून परीक्षक बाई येणार, वही बघणार, तोंडी विचारणार. प्रत्येक केशरचनेला एक पान. वर चित्र, खाली नाव, नावाचा अर्थ, उगम आणि कृती. सगळी पानं जुळतात, एक सोडून. गोराई अंबाडा. आणि बाई नेमकं तेच विचारणार, कारण ते त्यांच्या पुस्तकात नाही.

कृती तिन्ही बॅचना अक्षरशः सारखी सांगितलीस. पिन कुठे तिरपी घालायची तेसुद्धा. उगम मात्र तीन. एकाच वर्गाच्या मुलींनी एकाच नावाच्या तीन कथा सांगितल्या तर परीक्षक बाई समजायचं ते समजतील, आणि पोरींचे मार्क जातील. त्यांच्यातल्या निम्म्या जणींना या कागदाच्या जोरावर घरात एक खुर्ची आणि एक आरसा मांडायचा आहे. घरच्यांनी तेवढ्यासाठीच शिकायला सोडलंय. म्हणून सोमवारी दुपारी सगळ्यांना बोलावलंय. पान एकच होणार. त्यावर काय लिहायचं हे मला ठरवायचंय, कारण खरं काय ते तुझ्याखेरीज फक्त मलाच माहीत होतं. निदान गेल्या गुरुवारपर्यंत मला तसं वाटत होतं.

नाव कसं पडलं यात काही गूढ नाही, हे मी तुला आठ वर्षं सांगत आले. आपल्या अपॉइंटमेंटच्या वहीत मी गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नाही, गाव लिहिते. तीन सुनंदा झाल्या आणि तिघींच्या वेळांचा घोळ झाला तेव्हापासूनची सवय. कांदिवली, साडेदहा. मरोळ, बारा. मुलुंड, फक्त भुवया. तू हसायचीस. म्हणायचीस, "ही वही बघून कुणाला वाटेल, आपण कंडक्टर आहोत."

तर दहाएक वर्षांपूर्वी नाताळानंतर एक मायलेकी आल्या. मुलीच्या डोक्याला घट्ट रुमाल. आईने दार लावून घ्यायला सांगितलं, मग रुमाल सोडला. ऐन माथ्यावर पाणीपुरीच्या पुरीएवढी चाई. केस नाहीत, नुसतं चकचकीत कातडं. लग्न पंधरा दिवसांवर. आई म्हणाली, "गोराईला चर्चमध्ये लग्न हाय बाई. डोक्यावरून तो जाळीचा वेल घालायचा. तो वेलाचा कंगवा बरोबर इथंच बसतो. आता तो कशात बसवू?"

मी मला सुचलं ते बोलले. आधी डॉक्टरला दाखवा, म्हटलं, आणि लग्न चार महिने पुढे ढकला. मुलीने रुमाल उचलला आणि परत बांधायला लागली. मी चूक बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही ते चूक होतं असं म्हणणार नाही, पण त्या मुलीला त्याचा काही उपयोग नव्हता.

तू म्हणालीस, "मंदा, जरा वाफेचं मशीन बघ गो."

मशीन चांगलं चाललं होतं. मी आत गेले. बाहेर आले तेव्हा तू तिला खुर्चीत बसवलं होतंस आणि तिचे मानेवरचे केस दोन्ही हातांनी वर उचलून बघत होतीस. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आई मधे काही विचारायला लागली तर तू बोट वर केलंस. मग मुलीला म्हणालीस, "तुझे मानेवरचे केस कसले दाट आहेत गो. हे आजपर्यंत कुणाला दिसलेच नसतील. आता सगळ्यांना दाखवू."

तिचं नाव सेलिन. तेव्हा जेमतेम वीस वर्षांची असेल.

त्यानंतरचे पंधरा दिवस तू खुर्चीत बसेल तिच्या डोक्यावर सराव केलास. मानेपासून आणि कानांमागून सगळे केस वर घ्यायचे, उलटा कंगवा मारून उभे करायचे, माथ्यावर आत एक गादी ठेवायची आणि तिच्यावरून केस नेऊन पुढे वळवायचे. पहिल्या दिवशी तो अंबाडा उजवीकडे कलला. दुसऱ्या दिवशी पाठीमागे गळून पडला. गादी कशाची करायची यावर आपण भांडलो. कापसाची दबायची, स्पंजची घसरायची. शेवटी तू घरून तुझ्या आईचं जुनं गंगावन घेऊन आलीस, ते गुंडाळून जाळीत शिवलंस आणि म्हणालीस, "केसांना केसच धरतील."

आणि धरले. मी ते तेव्हा बोलून दाखवलं नाही. मी म्हटलं, "मागून दोन पिना दिसताहेत."

लग्नाच्या दिवशी सकाळच्या होडीने आपण गोराईला गेलो. तुझ्या मांडीवर पिनांचा डबा, माझ्या मांडीवर स्प्रे. खाडीवर असा वारा की तुझा पदर सारखा माझ्या तोंडावर येत होता. तू दहा मिनिटं गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते. सेलिनच्या घरी आईने खोलीला आतून कडी घातली. तू दोन तास उभी होतीस. मी पिना देत होते. तिला आरसा शेवटपर्यंत दाखवला नाहीस. दाखवलास तेव्हा तिने आधी मानच वळवली नाही, डोळेच फिरवले. तू म्हणालीस, "हलव गो मान. जोरात हलव. पडला तर आत्ताच पडू दे." तिने हलवली. हलली ती फक्त कानातली.

चर्चमध्ये आपण सगळ्यात मागच्या बाकावर बसलो. ती गुडघे टेकून खाली वाकली तेव्हा तू माझं मनगट धरलंस. तुझ्या नखांचे वण दोन दिवस होते. वेल जागचा हलला नाही.

माझ्या वहीत त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे: गोराई, पूर्ण दिवस.

पुढच्याच आठवड्यात मरोळची एक मुलगी आली. तिच्यावर तू सराव केला होतास आणि तिला तो आवडला होता. "त्या दिवशी केला होता तसाच घाला," म्हणाली. तू मला विचारलंस, "कुठचा म्हणते ही?" मी वहीतून डोकं वर न काढता म्हटलं, "अगं, तो गोराईवाला." संपलं. त्या मुलीने ते नाव ऑफिसात नेलं, तिथून ते अंधेरीला गेलं, तिथून कुठे कुठे. दोन लग्नसराया गेल्या आणि घाटकोपरहून बायका येऊन विचारायला लागल्या, गोराई इथेच घालतात का.

आणि मग त्या विचारायला लागल्या, गोराईच का म्हणतात.

हे तुझ्या हातात गेलं आणि घोटाळा झाला. त्या वर्षी वर्गासाठी ते केशरचनेचं पुस्तक आणलं होतं. त्यात एका उंच, कपाळावरून मागे फुगवलेल्या केशरचनेचं नाव फ्रान्सच्या कुठल्याशा राजाच्या आवडत्या बाईवरून पडलं, असं होतं. तुला ते फारच आवडलं. "राजाच्या बायकोवरून," असं तू मुलींना सांगत होतीस. मी वाफेच्या मशीनमागून म्हटलं, "बायको नव्हे. आवडती. नीट वाच." मुली तोंडाला रुमाल लावून हसल्या. तू दुपारभर माझ्यावर चिडलीस. संध्याकाळी कंगवे धुताना म्हणालीस, "बघ, त्यांच्याकडे राजा आहे, राजाची बाई आहे. आपल्याकडे काय? तुझी वही?"

"आहे ते असं आहे," मी म्हटलं.

"मग कोण बसेल गो खुर्चीत?"

पहिल्या बॅचला तू सांगितलंस, पोर्तुगीजांच्या वेळी एक कप्तानाची बायको होडीतून गोराईला उतरली, पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून तिने केस असे वर बांधले होते, ते बघून गावातल्या बायका शिकल्या. मुलींनी ते टापटीप अक्षरात उतरवून घेतलंय. एकीने होडीचं चित्रही काढलंय.

तिसऱ्या बॅचला तू कप्तानाची बायको काढून टाकलीस आणि मासळीवाल्या आणल्यास. त्या डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जातात, म्हणून केस वर बांधतात, त्यावरून हा अंबाडा. नेमकी त्याच वेळी आपली सुरमईवाली दारात बसलेली होती. तिने पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "अगो बाय, डोक्यावर पाटी घेणारी बाई डोक्यावरच अंबाडा कसा बांधंल? पाटी काय अंबाड्यावर तोलायची?" आणि मान वळवून आपला मानेवरचा अंबाडा सगळ्या वर्गाला दाखवला. मुली इतक्या हसल्या की वर्ग पुढे चाललाच नाही. तूही हसलीस. आणि तरीही वहीत तेच लिहून घेतलंस.

मला याचा राग यायचा. एक तर खोटं, तेही वहीत. मला वाटायचं, तुला स्वतःच्या कामापेक्षा गोष्टच मोठी वाटते. कितीदा म्हटलं, सांग ना सरळ की मी केला, माझ्या डोक्यातून निघाला, हवं तर प्रभा अंबाडा म्हणा. तू म्हणायचीस, "गप ऱ्हव. लोक हसतील." तुझ्या नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर तुझं सगळं घर या एका अंबाड्यावर उभं होतं आणि तुला त्याच्यावर स्वतःचं नाव नको होतं. मला ते कधी कळलं नाही. अजूनही पुरतं कळलेलं नाही.

आता दुसरी बॅच. आपलं मोठं भांडण.

त्या दिवशी मी उशिरा आले होते. वर्ग सुरू झाला होता, तू गोराई शिकवत होतीस. फळ्यावर 'गोराई' नव्हतंच. तू लिहिलं होतंस, 'उंच अंबाडा'. आणि मुलींना सांगत होतीस, "नावाचा अर्थ, उंच असतो म्हणून. उगम, माहीत नाही."

मला राहवलं नाही. मी दारातूनच म्हटलं, "माहीत नाही कसं? मुलींनो, याला गोराई म्हणतात. नाव माझ्या अपॉइंटमेंटच्या वहीतून आलंय. गोराईची एक नवरी होती, तिच्या..."

तुझ्या हातातला कंगवा पडला. पडला की टाकलास, ते मला आजही सांगता येणार नाही. तू म्हणालीस, "चला, आज वर्ग सुटला." घड्याळात सव्वातीन वाजले होते. मुली वह्या आवरून निघून गेल्या. मग तू माझ्याकडे वळलीस, आणि चिडलीस की नेहमी मालवणीत जायचीस तशी गेलीस. "तुझां खरां तुझ्याकडेच ठेव. माझ्या वर्गात नको."

"मुलींसमोर खोटी पडशील एक दिवस," मी म्हटलं.

"पडेन. तू नको उचलूस."

आठ दिवस आपण बोललो नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आठ दिवस. मधे गिऱ्हाईक बसवून बोलायचो. "ताईंना सांगा, मेण तापलंय." "ताईंना म्हणावं, मला दिसतंय." कांदिवलीच्या त्या बँकवाल्या बाई शेवटी वैतागून म्हणाल्या, "तुमचा निरोप्या म्हणून मला काही सूट मिळणार आहे का?" नवव्या दिवशी एक नवरी आली, केस गुडघ्यापर्यंत. ते दोन हातांचं काम नव्हतं. तू न बघता हात मागे केलास आणि म्हणालीस, "पिना दे." मी दिल्या. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मला वाटलं, जिंकले. पुढच्या बॅचला तू 'गोराई' हेच नाव पुन्हा फळ्यावर लिहिलंस ना.

गेल्या आठवड्यात वह्या चाळताना दुसऱ्या बॅचच्या वह्यांत ते पान आलं. सगळ्यांच्या वहीत तेच. 'उगम: माहीत नाही.' तेव्हा मी फक्त चिडले होते, आता जरा थांबले. तू आणि 'माहीत नाही'? तुला टॅल्कम पावडरच्या डब्याचासुद्धा उगम माहीत असायचा. कप्तानाची बायको होती, मासळीवाल्या यायच्या होत्या. एकाच बॅचला तुझी गोष्ट का संपली, हे मला सुचेना.

गुरुवारी दुपारी दोघीजणी आल्या. तुझं घर माहीत नव्हतं म्हणून पार्लरवरच आल्या. पुढे ब्रिजेट, दुसऱ्या बॅचची, ती हसरी. तिच्या मागे एक बाई, कडेवर मूल, हातात घरच्या वाडीतला भोपळा. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून. मी त्या बाईकडे बघितलं आणि ओळखलं. सेलिन. माथ्यावर भरगच्च केस, एका जागीही कमी नाहीत.

ब्रिजेट म्हणाली, "बाई, ही माझी वहिनी. हिनेच मला तुमच्याकडे शिकायला पाठवलेलं."

मी खाली बसले.

तर तुला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ब्रिजेटचा फॉर्म भरून घेतलास तेव्हा मी बँकेत गेले होते. सासरी चाईचं कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि सेलिनची नणंद सबंध वर्षभर तुझ्यासमोर बसणार होती. तिच्यापुढे गोराईचं नावसुद्धा नको, कुठला धागा नको, म्हणून तू तुझा एकुलता एक नावाजलेला अंबाडा 'उंच अंबाडा' करून टाकलास. आणि मी दारातून आले, 'गोराईची एक नवरी होती' म्हणत. अजून दोन शब्द बोलले असते तर सगळंच बाहेर आलं असतं.

मला का नाही सांगितलंस, हाही प्रश्न उरत नाही. माझ्या तोंडावर सगळं दिसतं, असं तू नेहमी म्हणायचीस. सांगितलं असतंस तर ब्रिजेट आली की मी दर वेळी काठीसारखी ताठ झाले असते आणि तिने दुसऱ्या दिवशी विचारलं असतं, बाई, काय झालं. बरोबर केलंस. आठ दिवसांचा अबोला तू माझ्या तोंडामुळे काढलास आणि मला वाटत होतं, मी शिक्षा करतेय.

मग मी जन्मात पहिल्यांदा तुझ्यासारखं वागायचं ठरवलं. सेलिनची माफी मागायची होती आणि नणंदेसमोर मागता येत नव्हती. मी ब्रिजेटला म्हटलं, "साखर संपलीय गं, कोपऱ्यावरून घेऊन येतेस?" साखरेचा डबा कपाटावर उघडाच होता, अर्धा भरलेला. ब्रिजेटने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गेली.

मी सेलिनला सांगितलं. म्हटलं, त्या वेळी माझ्याकडून तुझं गुपित फुटता फुटता राहिलं. प्रभाने सांभाळलं.

सेलिन आधी गोंधळली. मग हसायला लागली. मूल कडेवर हिंदकळायला लागलं तरी हसत होती. "बाई, ब्रिजेटला कशाला पाठवलंत? तिला माहीत हाय. सगळ्यांना माहीत हाय. लग्नानंतर चौथ्या दिवशी केस धुवायची वेळ आली, तेव्हा मीच सांगितलं. नवरा म्हणाला, माझा बाबा अख्खा टकला हाय, मी कुणाला बोलू? आणि सासूने ब्रिजेटला कामाला लावलं. रोज संध्याकाळी कांद्याचा रस चोळायची ती. वर्षभर. घरात वास मरायचा नाही."

तेवढ्यात ब्रिजेट साखर न घेताच परत आली. ती कोपऱ्यापर्यंत गेलीच नव्हती.

मी तिला विचारलं, "मग त्या दिवशी वर्गात का नाही बोललीस?"

"काय बोलणार बाई," ती म्हणाली. "प्रभाबाई एवढ्या घाबरल्या होत्या. कंगवा पडला, मधेच वर्ग सोडला. मला कळलं, त्या वहिनीसाठी घाबरल्यात. मग त्यांना कसं सांगू, की आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे? त्यांना वाईट वाटलं असतं. मी पण माझं तोंड बंद ठेवलं."

ऐकलंस? तू तिच्यापासून लपवत होतीस आणि ती तुझ्यापासून. आणि मधे मी, खरं बोलण्याचा मक्ता घेतलेली, एकटीच काही माहीत नसलेली. तू असतीस तर आधी तोंडावर हात ठेवला असतास, मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला असतास. आपण दोघी त्या दुपारी पार्लर बंद करून खाडीपर्यंत चालत गेलो असतो. हे तुला ऐकवायला मिळालं नाही, एवढंच मला लागलंय. बाकी मी ठीक आहे. जेवते, झोपते. तुझ्या धाकटीला मी दर शनिवारी हेअर कटिंग शिकवायला घेतलंय, हात तुझ्यासारखा आहे, बडबडही.

निघताना मी सेलिनला विचारलं, वहीत काय लिहू. माझ्या मनात होतं, ती नको म्हणाली तर मी कप्तानाची बायको लिहीन. खरंच लिहिणार होते. तुझ्यासाठी म्हणून एकदा खोटं लिहायची माझी तयारी झाली होती.

ती म्हणाली, "जे झालं ते लिहा. माझं नाव घातलंत तरी चालेल, मंडळाच्या अंकात पण. पण प्रभाबाईंचं घाला. नाहीतर लोकांना वाटतं, हे आमच्या गावात आधीपासूनच हाय. माझ्या सासूला आजकाल तसंच वाटतं."

वरचं सगळं शनिवारी लिहिलं होतं. आज सोमवार. वर्ग आत्ताच सुटला.

तिन्ही बॅच आल्या. बसायला जागा नव्हती, निम्म्या जणी ओट्यावर. जुनी पानं मी फाडू दिली नाहीत, नुसती एक रेघ मारायला सांगितली, म्हणजे कप्तानाची बायको खालून वाचता येईल. मग सावकाश सांगितलं.

नाव: गोराई अंबाडा. अर्थ: बोरिवलीजवळच्या एका गावाचं नाव, पार्लरच्या वहीतून आलेलं. उगम: हा अंबाडा आमच्या पार्लरमध्ये प्रभा परब यांनी बसवला. लग्न तोंडावर आलेल्या एका मुलीच्या माथ्यावर चाई पडली होती. जिथे केस नव्हते तिथेच वेल टिकवायचा होता. तो टिकला.

ब्रिजेट खाली मान घालून लिहीत होती, पण हसत होती. मग तिसऱ्या बॅचची ती मुलुंडची मुलगी, जिला प्रत्येक गोष्टीत शंका असते, तिने हात वर केला. "बाई, परीक्षक म्हणाल्या, की हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, तर?"

मी म्हटलं, "पुस्तकात नाही म्हणावं. ती करत होती तेव्हा शेजारी एक बाई पिना देत उभी होती, तिने सांगितलं. फार झकास झाला होता. त्या बाईने तेव्हा सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

मुलींनी तेही वहीत उतरवून घेतलं. खोडा म्हणणार होते. मग राहू दिलं.